कॅमेरा चालू होता का हो साहेब?

या कायद्याच्या सदरात गेल्या अंकात एका उत्तरात जाता जाता मी लिहून गेले होते की पोलिसाच्या छातीवर कॅमेरा दिसला तर वाद घालत बसू नका, आधी घड्याळ बघा. झालं, त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअपवर मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. जमिनीच्या वाटणीची आणि पहाणी उताऱ्याची पत्रं पुढच्या अंकात घेते, रुसू नका. नावं नेहमीप्रमाणे काढलीत, गावंही काही ठिकाणी गाळलीत, कारण आपल्या बेळगाव भागात तालुका सांगितला की माणूस ओळखतात.

प्रश्न : ओ ताई, मी निपाणीचा, तंबाखूचा व्यापार आहे. मेव्हण्याची महाराष्ट्रातली एमएच ०९ गाडी घेऊन येत होतो, हायवेला एका नाक्यावर "गाडी साइडिगे हाक्री" (गाडी बाजूला घ्या) म्हणून थांबवलं. डिकीतली कागदं काढायची म्हणून मी बेल्ट काढला आणि साहेब जवळ येऊन म्हणतात बेल्ट नव्हता, दंड भरा. मी म्हटलं तुमच्या छातीवर कॅमेरा आहे की, बघा त्यात. तर म्हणाले "क्यामेरा ऑफ आगिदे" (कॅमेरा बंद आहे). दंड भरला, पावती आहे. मला ते फुटेज मिळेल का?

उत्तर : दादा, पावती घेतलीत हे फार बरं केलंत. त्यावर वेळ आहे, ठिकाण आहे, गाडीचा नंबर आहे, फुटेज शोधायला तेवढंच लागतं. पण आधी एक गैरसमज काढून टाकू. बहुतेकांना वाटतं की कॅमेरा छातीवर लावला म्हणजे तो दुकानातल्या सीसीटीव्हीसारखा सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं टिपतोय. तसं नसतं. तो बटणावर चालतो. ड्युटीवाल्यानं बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, परत दाबलं की बंद, म्हणजे साक्षीदार कधी जागा राहणार आणि कधी झोपणार हे ज्याच्याबद्दल साक्ष द्यायची तोच ठरवणार. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यात मात्र एक सोय असते, स्टँडबायवर असताना तो आतल्या आत टिपत राहतो आणि बटण दाबलं की आधीचे ३० सेकंद मागून जोडून देतो, त्या तुकड्यात आवाज सहसा नसतो पण चित्र असतं. तुमच्या बेल्टच्या भांडणात नेमके तेच ३० सेकंद कामाचे होते. बटणच दाबलं नसेल तर तेही गेले.

आता तुम्हाला कुणीतरी १६७ए नियम सांगेल. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत हा २०२१ साली घातला आणि स्पीड गन, डॅशबोर्ड कॅमेरा यांच्या जोडीनं अंगावरच्या कॅमेऱ्याचंही नाव त्यात आहे. कॅमेऱ्यावरून चलन काढायचं असेल तर त्या यंत्राला राज्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट हवं, ते दर वर्षी नवं करायला हवं, चित्रावर तारीख वेळ ठिकाण उमटायला हवं, नोटीस १५ दिवसांत जायला हवी आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत ते रेकॉर्ड जपायला हवं. ऐकायला झकास आहे, पण तुमचं चलन कॅमेऱ्यानं नाही काढलं, साहेबांच्या डोळ्यानं काढलं, तेव्हा या नियमाच्या भरवशावर भांडायला जाऊ नका, पहिल्या पाच मिनिटांत गप्प करतील.

आणि खरं सांगू का, दंड जागेवर भरला म्हणजे कायद्याच्या भाषेत गुन्हा मान्य करून मिटवून टाकला. ज्याला लढायचंय त्यानं जागेवर पैसे भरायचे नाहीत, चलन घ्यायचं आणि कोर्टात बघून घेतो म्हणायचं, शांतपणे, आवाज न चढवता. तुमच्या बाबतीत आता फुटेज मिळालं तरी दंड परत येईल अशी आशा मी लावणार नाही. पण साहेब उद्धट बोलले असतील, शिवी दिली असेल, पावतीपेक्षा जास्त घेतले असतील तर मग तक्रार आहे, आणि तिथं फुटेजला अर्थ आहे.

त्यासाठी एक कागद लिहायचा, आणि हा कागद या अंकातल्या सगळ्यांनाच लागणाराय म्हणून नीट सांगते. बेळगाव शहरात घडलं असेल तर पोलीस कमिशनरना, खानापूर निपाणी चिक्कोडी अथणी वगैरे भागात घडलं असेल तर जिल्ह्याच्या एसपींना. तारीख, वेळ मिनिटासकट, जागा म्हणजे कुठल्या नाक्याच्या अलीकडे पलीकडे, गाडी नंबर, साहेबांच्या छातीवरचं नाव किंवा बिल्ला नंबर, आणि मग एक ओळ, की या वेळचं अंगावरच्या कॅमेऱ्याचं आणि आसपासच्या सीसीटीव्हीचं फुटेज पुसू नये, जपून ठेवावं. फुटेज द्या असं पहिल्याच कागदात नाही म्हणायचं, जपा म्हणायचं. द्यायला ते दहा कारणं सांगून नाही म्हणू शकतात, पण जपा म्हणून लेखी आल्यावर पुसलं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. कागद हातानं दिला तर आपल्या कॉपीवर आवक शिक्का घ्यायचाच, पोस्टानं पाठवला तर स्पीड पोस्टची स्लिप जपायची, रजिस्टर आता स्पीड पोस्टातच मिसळलंय त्यामुळे काउंटरवर रजिस्टर मागत वाद घालू नका. आणि हे सगळं त्याच आठवड्यात, सवडीनं दिवाळी झाल्यावर नाही.

एमएच गाडी बघून मुद्दाम अडवतात असंही तुम्ही लिहिलंय, ते मी छापलं नाही कारण सिद्ध करता येत नाही, पण मनातलं कळलं. एका राज्यातलं रजिस्ट्रेशन देशभर चालतं, फक्त गाडी सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त इकडेच ठेवली तर कर्नाटकाचा केए नंबर करून घ्यावा लागतो. मेव्हण्याची गाडी किती दिवस वापरताय ते तुम्हाला माहीत.

प्रश्न : मी चिक्कोडीच्या कॉलेजात शिकते. आमच्या ग्रुपवर फिरतंय की कर्नाटकात अटक करताना पोलिसाकडे कॅमेरा असलाच पाहिजे, नाहीतर अटक बेकायदा. खरं का?

उत्तर : अर्धं खरं गं, आणि त्या अर्ध्या खऱ्याचा जन्म तुझ्याच गावचा आहे, हे ग्रुपवर कुणी लिहिलं होतं का?

२०१९ ची गोष्ट. चिक्कोडीतल्या एका मुलाला, तो स्वतः कायद्याचा विद्यार्थी, चेक बाउन्सच्या भानगडीतल्या वॉरंटवर पोलिसांनी पकडलं आणि हाताला बेड्या घालून लोकांच्या देखत नेलं. चेक बाउन्स म्हणजे काय दरोडा नव्हे. पोरानं हे गिळलं नाही, हायकोर्टाच्या धारवाड बेंचात रिट टाकलं. जून २०२२ मध्ये न्यायमूर्ती सूरज गोविंदराज यांनी निकाल दिला, बेड्या घालण्याचं कारण कुठंच लिहून ठेवलेलं नाही म्हणून ते बेकायदा ठरवलं आणि सरकारनं त्याला २ लाख रुपये भरपाई द्यावी असं सांगितलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी पुढची पायरी घेतली. बेड्या का घातल्या, कशा घातल्या, माणूस पळत होता का हातापाया पडत होता हे नंतर कोर्टाला कळणार कसं, दोन्हीकडून नुसती तोंडची गोष्ट. म्हणून डीजीपींना, म्हणजे राज्याच्या पोलीस महासंचालकांना, सांगितलं की ज्या ज्या पोलीस अधिकाऱ्याला अटक करायचा अधिकार आहे त्याला अंगावरचा कॅमेरा मिळावा यासाठी प्रयत्न करा, कॅमेऱ्याला माइकही हवा म्हणजे बोलणं टिपलं जाईल, चित्र आणि आवाज रेकॉर्डिंगच्या तारखेपासून निदान १ वर्ष ठेवा, वापराची पद्धत लिहून काढा आणि लोकांना ट्रेनिंग द्या.

आता यातला खडा बघ. "प्रयत्न करा" असं आहे. कॅमेरा नव्हता म्हणून अटक रद्द, असं कुठंही म्हटलेलं नाही. तेव्हा ग्रुपवरचा मेसेज पुढे पाठवू नकोस. पण "निदान १ वर्ष" हे मात्र लक्षात ठेव, कारण पोलीस स्टेशनात फुटेज मागायला गेलं की महिन्यात आपोआप पुसलं जातं हो मॅडम असं सांगतात, तेव्हा हा निकाल दाखवायचा. मी एकदा दाखवला. साहेबांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मग दुसऱ्या दिवशी या म्हणाले. दुसऱ्या दिवशी फुटेज नाही मिळालं, पण जपून ठेवलंय असं लेखी मिळालं, आणि कोर्टात तेच पुरलं.

बेड्यांचंही सांगून टाकते कारण लोक जुन्या आठवणीवर बोलतात. सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच सांगितलं होतं की बेडी हा नियम नाही, अपवाद आहे, आणि घातली तर कारण लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी या फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यातल्या ४३ व्या कलमानं सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, ड्रग्ज, दहशतवाद अशा यादीतल्या प्रकरणांत बेडी घालायला मुभा दिली. चेक बाउन्स त्या यादीत नाही. त्या पोरावर आज वेळ आली असती तरी निकाल बदलला असता असं मला वाटत नाही.

आणि छातीवर कॅमेरा नव्हता तर संपलं असं समजू नकोस. स्टेशनात नेलं की तिथं सीसीटीव्ही आहे, असायला हवा. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे, देशातल्या प्रत्येक पोलीस स्टेशनात, आत यायच्या जायच्या सगळ्या वाटा, लॉकअप, लॉकअपच्या बाहेर, कॉरिडॉर, इन्स्पेक्टरची खोली, मागचं आवार, आणि रात्री दिसेल असा, आवाजासकट. साठवण १८ महिने, तसं यंत्र मिळत नसेल तर मिळेल ते पण १ वर्षाच्या खाली नाही. कॅमेरा बंद पडला तर जबाबदारी स्टेशनच्या मुख्य अधिकाऱ्याची. दारात पोस्टर हवं की इथं सीसीटीव्ही आहे आणि मानवी हक्क मोडले तर तक्रार कुठं करायची, तेही स्थानिक भाषेत. आपल्याकडे किती ठिकाणी हे पोस्टर दिसतं ते तूच एकदा स्टेशनासमोरून जाताना बघ. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टानं बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली की हे कॅमेरे चालतच नाहीत. म्हणजे आदेश निघून पाच वर्षं व्हायला आली होती आणि कोर्ट अजून वायर जोडली का विचारत होतं.

प्रश्न : ताई, खानापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहिते. दिराच्या भांडणावरून पोलीस संध्याकाळी घर तपासायला आले. छातीवर कॅमेरा नव्हता, एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. सासूबाई चुलीपुढे, मी घरच्या कपड्यात, देवघरापासून न्हाणीघरापर्यंत सगळं शूट केलं. हे चालतं का? आणि तो व्हिडिओ त्याच्या मोबाइलमधून आणखी कुठं गेला तर?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. आपल्या घरात कुणीतरी मोबाइल फिरवतंय आणि आपण पदर सावरत उभं आहोत, हे काय असतं ते समजायला बाईच व्हावं लागतं.

पण ऐकायला विचित्र वाटेल, ते शूटिंग तुमच्याच बाजूचं आहे. नव्या संहितेच्या १०५ कलमानं झडती आणि जप्ती व्हिडिओवर घेणं पोलिसांना बंधनकारक केलंय, आणि कायद्यातच लिहिलंय की शक्यतो मोबाइलनं. झडती सुरू झाल्यापासून जप्तीची यादी होऊन पंचांच्या सह्या होईपर्यंत. म्हणजे उद्या कुणी म्हणालं की पत्र्याच्या पेटीत अमुक सापडलं, तर ते पेटीतून निघताना दिसलं पाहिजे. हे रेकॉर्डिंग लगेच मॅजिस्ट्रेटकडे जायला हवं, आणि वॉरंट नसताना तपास अधिकाऱ्यानं घाईनं झडती घेतली असेल तर १८५ कलमाप्रमाणे का घेतली ते लिहून त्याची कॉपी ४८ तासांत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे. झडती झालेल्या घराच्या माणसानं अर्ज केला तर मॅजिस्ट्रेटकडून ती फुकट मिळते. तुम्ही खानापूर कोर्टात अर्ज करा, दिराच्या वकिलाला सांगा, आणि व्हिडिओ किती मिनिटांचा आहे, मध्ये तुटलाय का ते बघायला सांगा. वीस मिनिटं झडती चालली आणि व्हिडिओ चार मिनिटांचा असेल तर त्या सोळा मिनिटांबद्दल दिराच्या वकिलाला कोर्टात बोलता येईल.

आता भीतीचं. तो व्हिडिओ पुरावा आहे, हवालदाराची गंमत नाही. ग्रुपवर टाकला, कुणाला दाखवला तर खात्याची कारवाई आहेच आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय, ती केस लढवणारे कर्नाटक हायकोर्टाचेच एक निवृत्त न्यायमूर्ती होते. अत्याचारग्रस्त बाई किंवा लहान मूल ओळखू येईल असं काही बाहेर गेलं तर तो वेगळाच गुन्हा, त्यात जेल आहे. पण प्रामाणिकपणे सांगते, खाजगी मोबाइलवर घेतलेलं शूटिंग मला स्वतःला पटत नाही. छातीवरच्या कॅमेऱ्यातलं फुटेज स्टेशनात जाऊन डॉकला, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्टँडला, लावल्यावर उतरतं, नीट सिस्टीम असेल तर वापरणाऱ्याला मधलं कापता येत नाही. मोबाइलमध्ये लेकराचे फोटो, गुडमॉर्निंग आणि तुमच्या घराची झडती एकाच गॅलरीत. कायद्यानं मोबाइलला मुभा दिली ती सोय म्हणून, उद्या तीच डोकेदुखी होणाराय.

पुढच्या वेळी, वेळ येऊ नये पण आलीच तर, तुम्ही म्हणू शकता की बायका आत आहेत त्यांना बाजूला होऊ द्या मग आत या. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची, सभ्यपणे. आणि सूर्य मावळल्यावर बाईला अटक नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. हे ठामपणे म्हणा, मोबाइल चालूच आहे, तुमचं म्हणणं त्यात आपोआप टिपलं जाईल.

प्रश्न : शहापूरचा आहे. मिरवणुकीत पोरांना लाठी मारताना मी मोबाइलवर शूट केलं. एका पोलिसानं मोबाइल हिसकावला, डिलीट कर म्हणाला, लॉक उघड म्हणाला. त्यांचा कॅमेरा चालतो, आपला का नाही?

उत्तर : चालतो की. रस्त्यावर, सगळ्यांसमोर ड्युटी करणाऱ्या पोलिसाचं शूटिंग करू नये असा कायदा नाही. पण शूटिंग करणं आणि मध्ये घुसणं यात फरक आहे रे बाळा. दहा पावलं लांब उभा राहून शूट केलंस तर ठीक, मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरून आरडाओरडा केलास, हात धरलास तर सरकारी कामात अडथळा लावतात, धक्काबुक्की दाखवली तर त्याहून मोठं कलम, आणि मग तू साक्षीदार राहत नाहीस, आरोपी होतोस. एक नोव्हेंबरला म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिवसाला, बेळगावातल्या विधानसभा अधिवेशनाच्या दिवसांत, गणपतीत, शिवजयंतीच्या चित्ररथांत आपली पोरं याच चुकीनं अडकतात.

स्टेशनच्या आत शूटिंग केलं म्हणून ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट लावायची धमकी देतात, त्यावर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर बेंचानं २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस स्टेशन हे त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही. पण आपण कुठल्या हायकोर्टात येतो? धारवाड. मुंबईचा निकाल इथं वजनदार आहे, बंधनकारक नाही. आपलं असंच आहे, निकाल मराठीत वाचायचा तो पलीकडचा आणि लागू होणार तो अलीकडचा.

मोबाइल पुरावा म्हणून पोलीस घेऊ शकतात, पण घेतला तर जप्तीची नोंद आणि पावती, नुसता खिशात घालणं नाही. लॉक उघड म्हणाले तर २०२१ चा आपल्याच हायकोर्टाचा निकाल आहे, तेच न्यायमूर्ती गोविंदराज, की तपास अधिकाऱ्याला मनाला येईल तसं पासवर्ड वसूल करता येत नाही, तू नाही म्हणालास तर त्यानं कोर्टात जाऊन आदेश घ्यायचा. आणि डिलीट कर म्हणणं म्हणजे पुरावा पुसायला लावणं, ते पोलिसानं केलं तरी गुन्हाच. केलं असशील डिलीट तर घाबरू नको, फोनच्या ट्रॅशमध्ये बहुतेक वेळा काही दिवस असतं, आधी तिथं बघ, नवीन काही शूट करू नको.

प्रश्न : हे सगळे अर्ज मराठीत दिले तर चालतात का? आमच्याकडे टेबलावरूनच परत ढकलतात.

उत्तर : तक्रार मराठीत चालते. घटनेचं ३५० कलम सांगतं की गाऱ्हाणं मांडणारा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. ढकलला तर पोस्टानं पाठवा, पोस्टमन भाषा विचारत नाही. पण माहितीच्या अधिकाराचा अर्ज वेगळा, इथं आपली पोरं चुकतात. त्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, म्हणजे इथं कन्नड. मराठीत दिला आणि परत आला तर भांडून उपयोग नाही. शिवाय कर्नाटकाचा स्वतःचा नियम, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, फी १० रुपये. महाराष्ट्रातल्या पाहुण्यानं पाठवलेला नमुना कॉपी करून चार पानं लिहू नका. उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. तपास चालू असेल तर माहितीच्या कायद्याचं ८(१)(एच) कलम दाखवून नाही म्हणतील, फुटेजमध्ये दुसरी माणसं दिसत असतील तर खाजगी माहिती म्हणून नाही म्हणतील, आणि हे दुसरं कारण कधी कधी बरोबरही असतं. म्हणून मी अशिलांना सांगते, तक्रार मराठीत मनापासून लिहा, आणि सोबत एक कन्नड कॉपी जोडा. यात स्वाभिमान जातो असं मला वाटत नाही, काम होतं.

एफआयआर लिहून झाल्यावर ती वाचून दाखवणं कायद्यात आहे. कन्नडमध्ये लिहिली असेल तर मराठीत समजावून सांगा म्हणा, आणि समजल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : ताई, तुम्ही नेहमी पोलिसांच्या विरुद्धच लिहिता. माझे मिस्टर कॉन्स्टेबल आहेत. बारा बारा तास उन्हात उभे, लोक आईवरून शिव्या देतात आणि नंतर हात जोडतात. आता वर हा कॅमेरा. जेवताना, माझ्याशी फोनवर बोलताना, बाथरूमला जाताना पण तो चालू ठेवायचा का?

उत्तर : वहिनी, पत्राबद्दल मनापासून आभार, आणि तक्रार मान्य. नाही, दिवसभर चालू ठेवायचा नसतो. जिथं हे कॅमेरे जुने झालेत तिथले नियम तसंच सांगतात, इंग्लंडात तर स्पष्ट आहे की सरसकट रेकॉर्डिंग नको, घटनेपुरतं हवं. कुणाला थांबवलं, झडती, अटक, भांडण सोडवणं, तेव्हा चालू करायचा, समोरच्याला सांगायचं की रेकॉर्डिंग चालू आहे, आणि काम पुरं झाल्यावर बंद, मध्येच नाही. मध्येच बंद करावा लागला तर का ते कॅमेऱ्यासमोर बोलून बंद करायचा. जेवण, फोन, बाथरूम त्यांचं स्वतःचं आहे. बॅटरीही पूर्ण ड्युटी सलग रेकॉर्डिंगवर टिकेलच असं नाही, हे मिस्टरांना माझ्याआधी माहीत असेल.

आणि एक सांगा त्यांना, शिवी देणारा माणूस कॅमेऱ्याचा लाल दिवा बघून कसा एकदम "सर सर" करायला लागतो ते. खोट्या तक्रारीतून कॉन्स्टेबलला वाचवणारी एवढी स्वस्त गोष्ट दुसरी नाही. माझ्याकडे असा एक कॉन्स्टेबल आला होता, पैसे मागितले म्हणून तक्रार, बिचाऱ्यानं त्या दिवशी कॅमेरा घातलाच नव्हता, चार्जिंगला होता. वर्षभर चौकशीत घासला गेला. लोकांना मी फुटेज जपायला सांगते तेच त्यांनाही सांगते, वाद झाला की त्याच दिवशी डायरीत नोंद आणि वरिष्ठांना लेखी, हे फुटेज राखून ठेवा.

कॅमेऱ्यानं पोलीस सुधारतात का असं आणखी दोघांनी विचारलंय, त्यांचंही इथंच उरकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रियाल्टो नावाच्या लहान गावात २०१२ पासून वर्षभर प्रयोग केला, पोलिसांनी बळ वापरण्याचे प्रसंग निम्म्यावर आले आणि तक्रारी जवळजवळ संपल्या. सगळ्या जगानं कॅमेरे घेतले. मग वॉशिंग्टन शहरात २ हजारांवर पोलिसांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१७ मध्ये आला आणि मोजण्यासारखा काहीच फरक दिसला नाही. मला दोन्ही पटतात. लहान गावात साहेबाचं लक्ष असतं की आज कुणी बटण दाबलं नाही. मोठ्या शहरात ते फुटेज बघायलाच कुणी नसतं.

प्रश्न : माझं खडेबाजारात दुकान आहे. दुकानाबाहेरच्या मारामारीचं माझ्या सीसीटीव्हीत पूर्ण आहे, पोलिसांनी पेन ड्राइव्हवर कॉपी नेली. एवढं बस झालं ना?

उत्तर : नाही झालं काका. पेन ड्राइव्ह ही कॉपी, आणि कॉपीसोबत सर्टिफिकेट नसेल तर कोर्टात ती तुमच्या गल्ल्यातल्या जुन्या नोटेसारखी. आधी ते जुन्या पुरावा कायद्याचं ६५बी कलम होतं, आता नव्या साक्ष अधिनियमाचं ६३ कलम, दोन भागांत भरायचं, एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं म्हणजे तुम्ही, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइलचा अंगठाच समजा, एक सेकंद जरी कापलं तरी बदलतो. सर्टिफिकेट हवंच हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पक्कं केलं, ते जालन्याच्या अर्जुन खोतकरांच्या निवडणुकीच्या केसमध्ये, तिथं निवडणूक कचेरीतल्या व्हिडिओवर आमदारकीचा वाद लागला होता.

अपवाद एकच, मूळ यंत्रच कोर्टात नेऊन दाखवलं तर सर्टिफिकेट लागत नाही. म्हणून त्या डीव्हीआरमधली, म्हणजे सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगच्या डब्यातली, हार्ड डिस्क आत्ताच काढून कागदात गुंडाळून ठेवा, वर तारीख लिहा, नवीन डिस्क घाला. जुन्या डिस्कवर नवीन रेकॉर्डिंग चढायला किती दिवस लागतात ते तुमच्या कॅमेरावाल्याला आज संध्याकाळी फोन करून विचारा, माझं हे उत्तर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला मेसेज आधीच केलाय, बघितला का?